मल्बेरी कोर्टमधले साडेपाचशे गॅलन

१

मल्बेरी कोर्टमधून रोज साडेपाचशे गॅलन पाणी नाहीसं होत होतं, आणि ते कोण नेतंय याचं उत्तर मी अर्ध्या मिनिटात देऊन मोकळी झाले. चुकीचं दिलं, हे आधीच सांगून टाकते. मला लपवालपवी जमत नाही.

मी वसुधा. मूळची सांगलीची, एकोणीस वर्षं क्युपर्टिनोच्या बाजूला. आमच्या लॉरेल क्रीक पाणी डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावाला पाणी पुरवणाऱ्या संस्थेच्या, ऑफिसात तक्रारींच्या टेबलावर बसते. दिवसभर लोकांची बोलणी ऐकायची, तीही इंग्रजीतून. १९८९चा तो जुलै म्हणजे दुष्काळाचं तिसरं वर्ष. आम्हीच गावाला ओरडून सांगितलं होतं, पाणी वाचवा. लोकांनी इतकं मनावर घेतलं की काही विचारू नका. कुणी फ्लशच्या टाकीत वीट टाकली, कुणी लॉन वाळू दिलं, कुणी शॉवरखाली अलार्म लावून उभे राहू लागले. जिथं शंभर गॅलन जायचे तिथं साठ जाऊ लागले.

आणि त्यातच हे भूत निघालं. मल्बेरी कोर्ट म्हणजे अठरा घरांची बंद गल्ली. मीही तिथंच राहते, तीन नंबरला. गल्लीच्या तोंडाशी एक मोठं मीटर आणि प्रत्येक घरासमोर, फुटपाथच्या पेटीत, एक छोटं. मोठ्या मीटरमधून रोज दोन हजार चारशे सत्तर गॅलन आत जायचे. अठरा घरांची बेरीज यायची एकोणीसशे वीस. उरलेले साडेपाचशे गेले कुठं?

आमचा मॅनेजर व्हिटकर सोमवारी सकाळी माझ्या टेबलाशी आला. मोठा माणूस, पण घाबरला की मान लाल व्हायची.

"पाइप गळत नाही. तीनदा तपासला. मीटरं बरोबर आहेत. म्हणजे कुणीतरी मीटरच्या आधीच पाणी वळवतंय. व्हॅसुडा, तू तिथं राहतेस. त्या पेट्या उघडायची चावी त्या गल्लीत कुणाकडे आहे?"

"ज्ञानदेवकडे," मी म्हटलं.

झालं. एवढंच बोलले मी. खोटं नव्हतंच ते. ज्ञानदेव आमच्याच ऑफिसात पाइपलाइनचा इंजिनियर, राहायला सात नंबरला. दोन आठवड्यांपूर्वी सकाळी तो फुटपाथवर गुडघे टेकून पेट्यांत डोकावत होता, ते अख्ख्या गल्लीनं पाहिलं होतं. दुपारी व्हिटकरची माणसं त्याच्या गराजमध्ये गेली. तिथं चार जुनी मीटरं सापडली. चार वाजता ज्ञानदेवचं ओळखपत्र काढून घेतलं. शुक्रवारी चार वाजता बोर्डासमोर सुनावणी.

जाताना तो माझ्या टेबलापाशी थांबला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार.

"काकू," तो शांतपणे म्हणाला, "ग्रीन कार्डाचे कागद या नोकरीवर आहेत. तीन महिने राहिलेत."

२

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मंगळवारी ऑफिस सुटल्यावर सरळ सात नंबरचं दार वाजवलं.

दार त्याच्या बायकोनं, शीलानं उघडलं. आत त्यांची नऊ वर्षांची मीरा कार्पेटवर बसून चित्राची वही रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "मॉम, इज शी फ्रॉम द ऑफिस?"

"बसा काकू," शीला म्हणाली, आणि ग्लासभर पाणी आणून समोर ठेवलं.

"नको गं, आत्ताच पिऊन आले."

खरं सांगू? प्यायले नव्हते. घसा कोरडा पडला होता. तरी तोंडातून ते निघालं. आमच्या घरात लहानपणापासून ऐकलेलं, कुणाकडे काय घ्यायचं नि काय नाही. आपण विसरलो असं वाटतं, पण जीभ विसरत नाही. शीलानं ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि ग्लास उचलून आत नेला. 

ज्ञानदेव समोर बसला. मी विचारलं, "ती चार मीटरं गराजमध्ये कशाला?"

"तपासायला. याच बनावटीची, स्टोअरमधून काढलेली. ऑफिसात मीटर तपासायचा टेस्ट बेंच रिकामा मिळेना म्हणून घरी आणली. पाइप जोडून पाणी सोडलं, बादलीनं मोजलं. चारही अचूक. तसा रिपोर्ट मीच सही करून दिला." तो कडवट हसला. "माझ्याच सहीनं मी अडकलोय, काकू. मीटर बरोबर म्हणजे चोरी. आणि पेट्यांची चावी कोणाकडे? माझ्याकडे."

"तू चोरलंस का?" मी तोंडावर विचारलं. माझा स्वभावच तसा.

तो जागचा उठला. मला वाटलं, आता हाकलतो.

"माझे आजोबा महाडच्या तळ्यावर होते. ओंजळभर पाणी प्यायले आणि परत येताना डोकं फोडून घेतलं. त्यांचा नातू पाण्याचा इंजिनियर झाला म्हणून आईनं गावभर पेढे वाटले. मी पाणी चोरीन? मी?"

माझी मान खाली गेली. लाज वाटली, आणि ती लपवायलाही जागा नव्हती.

तो परत खुर्चीवर बसला. "एक सांगतो. आकडा बघा. रोज साडेपाचशे. कधी पाचशे चाळीस, कधी साडेपाचशे; याच्या पलीकडे नाही. चोर इतका नियमित नसतो हो. आणि हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झालं. त्याआधी काही नाही."

"चार जुलैच्या सुट्टीत तू कुठं होतास?"

"इथंच. ड्यूटीवर."

"लेक टाहोला आला नाहीस? सगळी गल्ली गेली होती कॅम्पला."

"मराठी मंडळाची सगळी गल्ली," शीला स्वयंपाकघरातून म्हणाली. "आम्हाला मंडळाचं बोलावणं येत नाही, काकू. तीन वर्षं झाली इथं येऊन."

मी घाईनं उठले. घरी येऊन रोजच्या आकड्यांचे कागद टेबलावर पसरले. जूनअखेरपासून व्हिटकरनं गल्लीतलं प्रत्येक मीटर रोज वाचायला लावलं होतं. तीस जून, पाचशे पंचेचाळीस गायब. एक जुलै, तीस. दोन जुलै, पंचवीस. तीन, पस्तीस. चार, तीस. पाच जुलैला पुन्हा साडेपाचशे.

चोर चार दिवस सुट्टीवर गेला होता. आणि ज्ञानदेव गावातच होता.

३

बुधवारी सकाळी मी टोनीला गाठलं. टोनी आमचा मीटर वाचणारा. तीस वर्षं कमरेत वाकून वाकून त्याची चालच तशी झालेली.

"ते चार दिवस तूच आकडे घेतलेस ना?"

"मीच. चार जुलैलासुद्धा! सासरच्या बार्बेक्यूला उशिरा पोहोचलो. बायको अजून बोलत नाही."

"त्या दिवसांत गल्लीत काय वेगळं दिसलं?"

त्यानं टोपी मागे सरकवली. "शांत होती गल्ली. तुमची भारतीय मंडळी कोणी नव्हती. फक्त सात नंबरवाला होता. बाकी..." तो हसू लागला. "तुमचं मीटर नेहमीच शांत असतं, मॅडम. मी कधी कधी पान्यानं टकटक करून बघतो, जिवंत आहे की मेलं. अख्ख्या गावाच्या तक्रारी ऐकता आणि पाणी चिमणीएवढं वापरता!"

मला तेव्हा बरंच वाटलं, मूर्खासारखं. 'महिन्यातलं सर्वांत कमी पाणी वापरणारं घर' असं डिस्ट्रिक्टचं सर्टिफिकेट माझ्या दिवाणखान्यात फ्रेममध्ये लटकत होतं. दिवसाला एकतीस गॅलन. माझ्या नवऱ्याला, प्रल्हादला, मी ते येईल त्या पाहुण्याला दाखवायला लावत असे.

असो. माझं डोकं कॅम्पवर होतं. टाहोला गेलेली मंडळाची दहा घरं. त्यांतलाच कोणीतरी. आणि त्यांतलं एक घर असं होतं की ज्याच्यावर बोट ठेवायला मला चष्मासुद्धा लागत नव्हता.

डॉक्टर राजीव. अकरा नंबर. आमच्या मंडळाचे अध्यक्ष. अख्ख्या गावातली लॉनं वाळून खाकी झालेली असताना त्यांचं लॉन जूनपासून हिरवंगार होतं.

४

राजीवला बुधवारी सुट्टी असते. दुपारी जेवणाच्या वेळेत मी त्याच्या दारी. तो अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेला.

"काय गं वसुधा, भरदुपारी? चहा टाकायला सांगू?"

"चहा राहू दे. हे लॉन हिरवं कसं, ते सांग."

"मेहनत," तो मिश्कील हसला.

मी सरळ खाली बसले आणि लॉनवरून तळहात फिरवला. गवत कोरडं ठाक, बोटांत मोडत होतं. हात उलटा करून पाहिला तर सगळा तळहात हिरवा!

"रंग?" मी ओरडले.

"हळू बोल यार! शेजाऱ्यांना वाटतं मी जादू केलीय. जूनपासून स्प्रे मारतोय, आज सकाळीच दोन कॅन." त्याचा चेहरा पडला. "तुला काय वाटलं, मी पाणी चोरतोय? अगं, ते काम तर त्या ज्ञानदेवचं निघालं ना?"

"कोण म्हणतं?"

"सगळेच. पेट्या उघडताना बघितलंय त्याला."

"राजीव, त्याला टाहोला का बोलावलं नाही?"

तो पेपरची घडी घालू लागला. "अगं, ते आपल्यात फारसे मिसळत नाहीत."

"बोलावल्याशिवाय कसे मिसळतील?"

"आता यादी काय मी करतो? पाकिटांवर पत्ते तर तूच लिहितेस."

राग त्याच्यावर काढायला आले होते, तो माझ्यापाशीच परत आला. हात धुवायला म्हणून मी मागच्या अंगणात गेले. रंग तरी निघायला हवा होता.

मागच्या नळाखाली निळं पिंप उभं होतं. तसलंच माझ्याकडे. तसलंच मंडळाच्या प्रत्येक घरी. एप्रिलमध्ये राजीवनंच लोणच्याच्या कारखान्यातून एकदम आणून दिली होती, धुऊन पुसून. नळाची धार सुतासारखी बारीक, आवाजसुद्धा न करता पिंपात उतरत होती.

"मी तुझंच ऐकतो बघ," राजीव मागून म्हणाला. "सकाळी कालचं उरलेलं पाणी लिंबाला ओतायचं, पिंप विसळायचं आणि धार लावून टाकायची. संध्याकाळी काठोकाठ."

"रोज?"

"रोज. शिळं पाणी कोण पिणार?"

पिंपाच्या पोटावर कारखान्याचा शिक्का होता. पंचावन्न गॅलन.

किती पिंपं आणली होती राजीवनं? दहा.

पंचावन्न गुणिले दहा करायला मला कागद लागला नाही. मी तशीच, हिरव्या हातानं, घराकडे पळत सुटले.

५

माझं पिंप अंगणात अर्धं भरलं होतं. धार चालू. मी फुटपाथवरच्या पेटीचं झाकण चावीशिवायच पक्कडीनं उचकटलं, गुडघे टेकले आणि मीटरच्या काचेत पाहिलं. एक बारीक लाल काटा असतो त्यात. चहाच्या कपाएवढं पाणी गेलं तरी हलतो, असं आम्ही लोकांना सांगतो.

काटा हलत नव्हता.

घरात कोणी नव्हतं. दुसरा एकही नळ चालू नव्हता. अंगणात पाणी पडत होतं आणि इथं मीटर झोपलं होतं. पाच मिनिटं बघितलं. दहा मिनिटं. मग मी आत जाऊन तो नळ मोठा सोडला आणि पळत बाहेर आले. काटा गरगर फिरत होता. परत आत, धार सुतासारखी. परत बाहेर. काटा थांबलेला.

मी तिथंच फुटपाथवर बसले.

मीटर बिघडलेलं नव्हतंच. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ते बसवलं तेव्हा या गल्लीत लॉन होती, स्प्रिंकलर होते, टब भरून आंघोळी होत्या. पाणी यायचं ते धो धो. एवढ्या बारीक धारेनं कोणी नळ सोडेल, हे मीटर बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. ज्ञानदेवनंसुद्धा चारही मीटरं मोठ्या धारेवर तपासली. बेंचवर तपासायची रीतच ती. आणि मोठ्या धारेवर ती खरंच अचूक होती. गल्लीच्या तोंडाशी मात्र दहा बारीक धारांची मिळून एक मोठी व्हायची, म्हणून तिथलं मीटर ती मोजत होतं.

मग बारीक धार शिकवली कोणी?

सांगते. एप्रिलमध्ये, पाडव्याच्या कार्यक्रमात, मंडळाच्या हॉलमध्ये स्टेजवर उभं राहून एका बाईनं भाषण ठोकलं होतं. 'पाणी कसं वाचवावं.' रेशनिंग येतंय म्हटल्यावर आमचे लोक हादरले होते, कारण आमच्या डोक्यात रेशनिंग म्हणजे नळ जाणार. त्या बाईनं सांगितलं, घाबरू नका. पिंप भरून ठेवा. शॉवर बंद, तांब्यानं आंघोळ. धार सुतासारखी सोडा, म्हणजे तुम्ही ऑफिसला गेलात तरी पिंप ओसंडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई खुशीत घरी आली.

ती बाई मी.

आमची सांगलीतली सवय होती ती, तासभर येणाऱ्या नळाची. ती मी शिकवली आणि दहा घरं माझं ऐकून, कुणालाही न कळता, रोज पंचावन्न गॅलन न मोजता घेत राहिली. माझं सर्टिफिकेटसुद्धा त्याच पाण्यावर मिळालेलं.

आणि ज्ञानदेवच्या घरी पिंप नव्हतं. तो शॉवर घेत होता, नळ मोठा सोडत होता, आणि त्याचं मीटर थेंब न थेंब मोजत होतं. गल्लीतल्या अकरा भारतीय घरांपैकी पूर्ण पाणी मोजून घेणारं घर एकच, आणि चोर म्हणून मी नाव दिलं ते त्याचं.

संध्याकाळी प्रल्हादला सगळं सांगितलं. तो शांत माणूस, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत इंजिनियर. ऐकताना चष्मा पुसत होता.

"व्हिटकरला खाजगीत सांग. मीटरचा दोष आहे म्हण, संपलं. भाषणाचं कशाला काढतेस? डिस्ट्रिक्टच्या बाईनं डिस्ट्रिक्टला फसवायला शिकवलं, असं पेपरात येईल. नोकरी जाईल तुझी."

"आणि खाजगीत सांगितलं तर ज्ञानदेवचं काय? चोरीचा संशय चारचौघांत आणि सुटका कुजबुजत?"

"व्हिटकर मानेल असं तरी कशावरून? आपलं नाव वाचवायला तो म्हणेल, तुम्ही सगळे मिळालेले आहात."

तेही खरं होतं. गुरुवारी मी व्हिटकरच्या केबिनमध्ये गेले, पहिलं वाक्य बोलले. त्याची मान लाल झाली.

"मीटर अचूक आहेत असा सही केलेला रिपोर्ट आहे माझ्याकडे," तो म्हणाला. "आणि आठ हजार मीटरं आंधळी आहेत असं मी बोर्डाला सांगू? माणूस सापडलाय. उद्या संपेल हे."

दार लावून मी बाहेर आले आणि टोनीला फोन केला. "टोनी, माझ्या घरासमोरचं मीटर खोलून देशील?"

६

शुक्रवारी चार वाजता बोर्डाची खोली खचाखच भरली होती. समोर पाच सभासद, मधोमध अध्यक्षा मिसेस लिंडक्विस्ट. सत्तरीची, आयुष्यभर शाळेत शिकवत आलेली बाई. पहिल्या रांगेत ज्ञानदेव, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर. शेजारी शीला. मागे राजीव आणि मंडळाची आणखी चार माणसं, तमाशा बघायला आलेली.

व्हिटकरनं दहा मिनिटांत सगळं मांडलं. गायब पाणी, पेटीची चावी, गराजमधली मीटरं, ज्ञानदेवच्या सहीचा रिपोर्ट. ऐकताना माझाच विश्वास बसला असता.

"कोणाला काही बोलायचंय?" मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं.

मी उभी राहिले. "मला बोलायचं नाही. एक बादली भरायचीय."

लोक हसले. टोनीनं खोलीच्या कोपऱ्यातल्या सिंकच्या नळाला होज जोडला, होजला माझं मीटर, मीटरच्या पुढं पाच गॅलनची बादली. मी नळ सोडला. मग कमी केला. अजून कमी. सुतासारखी धार.

"ही बादली पन्नास मिनिटांत भरेल," मी म्हटलं. "तेवढं थांबा."

"हा पोरखेळ आहे!" व्हिटकर उठला.

"बसा," मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. शाळेतला आवाज. तो बसला.

पन्नास मिनिटं म्हणजे किती असतात, हे मला त्या दिवशी कळलं. सगळे बघतायत, कोणी बोलत नाही, पाणी आवाज करत नाही. एक सभासद मीटरशी खुर्ची ओढून काचेत डोळा लावून बसला. दहा मिनिटं. वीस. मला भीती एकच. हे मीटर पान्यानं खोललेलं, गाडीतून हलत आलेलं. आत काहीतरी सैल होऊन काटा हलला तर? मग ज्ञानदेव गेलाच, आणि मीही.

तिसाव्या मिनिटाला कोणीतरी बाहेरून दार आपटलं आणि काटा थरथरला.

"हलला!" व्हिटकर ओरडला.

काचेत बघणारा सभासद आणखी वाकला. शीलानं नवऱ्याचा हात पकडला होता, इतका घट्ट की बोटं पांढरी पडलेली.

"थरथरला," तो सभासद सावकाश म्हणाला. "पुढं सरकला नाही. होता तिथंच आहे."

बादली काठाशी आली तेव्हा पाच वाजून गेले होते. टोनीनं आकडा मोठ्यानं वाचला. सुरुवातीचा तोच. बादलीत पाच गॅलन, मीटरवर शून्य.

ज्ञानदेव उठून उभा राहिला. त्याला कोणी सांगावं लागलं नाही. "मी मोठ्या धारेवर तपासलं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "बारीक धारेवर कोणी तपासतच नाही."

मग मी उरलेलं सांगितलं. दहा पिंपं, पंचावन्न गॅलन, लिंबाला ओतलेलं शिळं पाणी, टाहोचे चार कोरडे दिवस. ही युक्ती कोणी शिकवली तेही. सर्टिफिकेट फ्रेमसकट पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

"हे तुम्हाला माहीत होतं?" मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं. "मीटर मोजत नाही हे?"

"नाही. दहापैकी एकालाही नाही. पाणी वाचवतोय असंच वाटत होतं."

"आणि मिस्टर ज्ञानदेव हे का करत नव्हते?"

इथं मी अडखळले. मागं राजीव बसला होता, मंडळाची माणसं बसली होती. अमेरिकन लोकांसमोर घरातलं कशाला काढायचं, ही आपली जुनी पद्धत. 'माहीत नाही' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"कारण ती सभा आमच्या मंडळाची होती आणि त्यांना बोलावलं नव्हतं," मी म्हटलं. "तीन वर्षांत एकदाही नाही. ते कोणत्या जातीचे, हे आम्हाला आडनावावरून कळलं होतं. निमंत्रणाच्या पाकिटांवर पत्ते मी लिहिते. एक पाकीट मी दर वेळी लिहीत नव्हते."

राजीव छताकडे बघत होता. शीला माझ्याकडे बघत होती, आणि या वेळी मी मान खाली घातली नाही.

मिसेस लिंडक्विस्टनी व्हिटकरला एकच प्रश्न विचारला. "आपण लोकांना पाणी वापरायची रीत बदलायला सांगितली. आपली मीटरं त्या रितीला चालतात का, हे कोणी बघितलं?" व्हिटकर समोरचे कागद गोळा करू लागला. पावणेसहाला ज्ञानदेवचं ओळखपत्र परत मिळालं. आठ हजार मीटरं बारीक धारेवर तपासायचं कामही त्यालाच दिलं, सगळ्यांसमोर. मला नोकरीवरून काढलं नाही. सर्टिफिकेट मात्र ठेवून घेतलं.

७

शनिवारी सकाळी मी सात नंबरचं दार वाजवलं. हातात पाकीटबिकीट नव्हतं. निमंत्रण देऊन मोकळं होण्याचा निर्लज्जपणा माझ्यात नव्हता.

ज्ञानदेवनं दार उघडलं. बसा म्हणाला नाही, पण बाजूला झाला.

"माझं नाव तुम्हीच दिलंत ना, काकू? व्हिटकर बोलला मला."

"हो. मीच."

तो खिडकीतून फुटपाथवरच्या पेट्यांकडे बघत राहिला. "मीटरं बदलायला दीड वर्ष लागेल. बाकीच्याला किती लागेल, मला सांगता येत नाही."

"मलाही," मी म्हटलं. डोळे भरून आले होते, ते पुसले नाहीत.

शीला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं या वेळी पाणी आणलं नव्हतं. का आणेल? मीच म्हटलं, "शीला, ग्लासभर पाणी देतेस? तहान लागलीय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आत गेली. नळाचा आवाज आला, चांगला धो धो.

"मोठाच सोडलाय, काकू," ती आतून म्हणाली. "मीटरला कळू दे, तुम्ही आमच्याकडे पाणी प्यालात ते."

मी ग्लास तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायले. मग रिकामा ग्लास तिच्या हातात दिला आणि अजून अर्धा मागितला.